नऊशे नव्याण्णवपासून खाली

शांताराम कुवळेकरांना सलग दहा मिनिटं खुर्चीवर बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं, ते त्यांनी माझं दुकान जवळजवळ बुडवल्यानंतर. त्याआधी पाच महिने ते माझ्याकडे कामाला होते. त्या पाच महिन्यांत त्यांनी माझ्या डोक्याला जो ताप दिला, तेवढा दोन कॉम्प्युटर आणि एक झेरॉक्स मशीन यांनी मिळूनही दिला नव्हता. मीही काही शांत डोक्याचा माणूस नाही. गास या माझ्या गावी आमची वाडी आहे, केळी आणि मोगरा. पण रोप लावायचं आणि सहा महिने वाट बघत बसायचं, हे मला कधी जमलं नाही. म्हणून अठ्ठ्याण्णव साली मी नालासोपारा पूर्वेला, तुळिंजच्या बाजाररस्त्यावर डीटीपीचं दुकान टाकलं. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, सोसायट्यांचे अहवाल, शाळांचे फॉर्म, चर्चच्या सणाची पत्रकं, तेराव्याची आणि ख्रिस्ती घरांतल्या महिन्याच्या मिस्साची, म्हणजे मृतासाठीच्या प्रार्थनेची कार्डं. माणूस जन्मल्यापासून जाईपर्यंत जे जे छापून घेतो ते आमच्याकडे टाइप व्हायचं, सजायचं आणि पुढे छापखान्यात जायचं.

टायपिंगला पॉलिन होती. आमच्याच गावची, दोन मुलांची आई, बोलायला कमी आणि हाताला जलद. काम वाढलं तसा आणखी एक माणूस हवा झाला आणि नव्याण्णवच्या दिवाळीआधी शांतारामकाका दारात उभे राहिले. वय त्रेपन्न, बारीक अंगकाठी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत तीन महिन्यांच्या कॉम्प्युटर क्लासचं सर्टिफिकेट. बसा म्हटलं तर म्हणाले, उभाच बरा आहे.

ते उभेच बरे होते, कारण अठ्ठावीस वर्षं त्यांनी गिरगावातल्या एका छापखान्यात उभं राहूनच काम केलं होतं. कंपोझिटर होते. शिशाचा एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची, ओळींचं पान करायचं. ते खिळे ज्या लाकडी खणांत ठेवलेले असतात त्याला केस म्हणतात, हे मला त्यांनीच सांगितलं, आणि मी विचारलेलं नसताना सांगितलं. केसमध्ये अक्षरं बाराखडीप्रमाणे लावलेली नसतात. जे सारखं लागतं ते हाताशी आणि मोठ्या खणात, जे क्वचित लागतं ते लांब कोपऱ्यात. काना मधोमध, ज्ञ वरच्या टोकाला. बाराखडी शाळेत ठीक आहे, कामाला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. छापखाना बंद पडला, केस भंगारात गेल्या, पण हे म्हणणं काकांबरोबर बोळिंजच्या फ्लॅटमध्ये आलं.

तिथे त्या म्हणण्याने काय उत्पात केला ते मला त्यांच्या बायकोकडून, लतिकाकाकूंकडून, नंतर कळलं. रिकाम्या बसलेल्या काकांनी पहिला हात घातला तो स्वयंपाकघराला. काकूंचे डबे पंचवीस वर्षं जातीजातीने लागलेले: डाळींची रांग, पिठांची रांग, मसाल्यांची रांग. काकांनी चहा, साखर, मीठ, तांदूळ आणि तिखट एका रांगेत पुढे आणलं आणि बाकी सगळं मागे लोटलं. संध्याकाळी काकूंनी डबे पहिल्यासारखे केले. सकाळी काकांनी पुन्हा हलवले. हे आठ महिने चाललं. मग चपलांचा कप्पा, औषधांचा खोका, आणि शेवटी सोसायटीच्या जिन्याखालच्या टपालपेट्या. ज्यांना जास्त पत्रं येतात त्यांच्या पेट्या पोस्टमनच्या हाताशी घ्या, असा लेखी अर्ज त्यांनी सेक्रेटरीला दिला. त्या दिवशी काकूंनी त्यांचं नाव कॉम्प्युटर क्लासला घातलं.

माझ्याकडे ते चालत यायचे, बोळिंजहून शेतांच्या कडेकडेने सोपाऱ्यापर्यंत आणि मग रेल्वेचा पूल ओलांडून तुळिंजला. तासभर चालून आलेला माणूस निदान आल्यावर तरी टेकेल, पण नाही. खुर्ची मागे सारून, कमरेत वाकून टाइप करायचे. एकदा प्रूफ घेऊन आमच्या घरी गासला गेले होते. माझ्या आईने, कृष्णाबाईने, त्यांना पाटावर बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि रात्री मला म्हणाली, ‘‘कोन मानूस आनलास रं हा? पायाला भिंगरी हाय त्याच्या.’’

पण प्रूफ वाचावं तर काकांनीच. एक अनुस्वार त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही. अडचण होती ती टायपिंगच्याही आधीची. जुनं काम काढायचं तर कॉम्प्युटरला ‘ओपन’ सांगायचं. मग एक छोटी खिडकी उघडते आणि तिच्यात साठवलेल्या सगळ्या कामांची यादी येते. ती यादी येते नावाप्रमाणे, इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने. पॉलिनला ती पाठ होती. काकांना काम नावाने आठवतच नसे. त्यांना आठवायचं ते असं: गुरुवारी आलेलं, त्या छत्री विसरून गेलेल्या बाईंचं, शाळेच्या फॉर्मच्या नंतरचं. छापखान्यात शेवटी आलेलं काम सगळ्यात वर पडलेलं असायचं, तसं इथेही वर असावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती. ‘हे असं कुणी लावलं?’ असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं. कुणी लावलं नाही, असंच असतं, पॉलिन म्हणाली.

‘‘असंच काही नसतं,’’ काका म्हणाले. ‘‘कुणीतरी कधीतरी लावलेलंच असतं. आणि लावलेलं बदलता येतं.’’

पॉलिनने त्यांना दाखवलं की खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातलं एक बटण दाबलं की नावापुढे तारखा दिसतात आणि तारखेच्या मथळ्यावर क्लिक केलं की यादी तारखेप्रमाणे लागते. काका इतके खूश झाले की पूल उतरून सगळ्यांसाठी वडापाव घेऊन आले. खाऊन पुन्हा ‘ओपन’ म्हटलं तर यादी होती तशी, नावाप्रमाणे. त्यांनी पुन्हा तारखेने लावली. पुन्हा उघडली, पुन्हा नावाप्रमाणे. घरी लतिकाकाकू निदान संध्याकाळपर्यंत थांबायच्या. ही खिडकी तेवढंही थांबत नव्हती.

त्यानंतर माझ्या दुकानात दुसरा विषय राहिला नाही. काका दिवसाला पन्नास वेळा खिडकी उघडायचे आणि पन्नास वेळा ती तारखेने लावून घ्यायचे, आणि दर वेळी तोंडाने बारीक च्यक् असा आवाज करायचे. तो च्यक् मला झोपेतही ऐकू यायला लागला. क्लासच्या सरांना विचारून झालं. आमची मशिनं दुरुस्त करणारा हिलरी, तोही गासचाच, तीनदा आला. त्याने सेटिंगमध्ये शिरून बाहेरच्या सगळ्या खिडक्या तारखेप्रमाणे लावून दिल्या, पण ही आतली खिडकी काही बधेना. शेवटी तो म्हणाला, काका, ती बनवणाऱ्यानेच तशी ठेवलीये, सोडून द्या. सोडून देतील तर ते काका कसले? त्यांनी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीला आंतर्देशीय पत्र लिहिलं, मराठीत, मोत्यासारख्या अक्षरात, आणि उत्तराची वाट बघत पोस्टमन दिसला की दारात जाऊन उभे राहायला लागले.

मला हसू यायचं, पण लग्नसराई तोंडावर आली तसं हसू संपलं. पॉलिनची चार कामं व्हायची तोवर काकांचं एक व्हायचं. एप्रिलपासून एक जलद हाताचा ऑपरेटर ठेवायचा आणि काकांना निरोप द्यायचा, असं मी ठरवून टाकलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून फेब्रुवारीत एकदा त्यांना सांगितलं की काका, ही मार्चअखेर बघू, मग ठरवू. त्यांना लगेच कळलं. दारापर्यंत गेले, परत आले, माझ्या टेबलावरचे कागद सारखे केले.

‘‘शेठ,’’ ते म्हणाले, ‘‘मला घरी बसवू नका. घरी मी वाईट माणूस होतो.’’

मी काहीतरी पुटपुटलो आणि फोन उचलला, जो वाजतच नव्हता.

मार्चच्या एका सोमवारी त्यांनी माझ्याकडे दुकानाची किल्ली मागितली. मंगळवारी आमचं दुकान बंद असतं. म्हणाले, शांतपणे येऊन जरा आवरून ठेवतो, कामाला वेग येईल. मला बरंच वाटलं. किल्ली दिली.

बुधवारी सकाळी पॉलिनला एका शाळेचा गेल्या वर्षीचा प्रवेशफॉर्म काढायचा होता. तिने ‘ओपन’ म्हटलं आणि यादी दोनदा वरखाली बघितली. मग मला हाक मारली. यादीत अकरा नावं होती. दोन वर्षांत केलेली साडेतीनशेच्या वर कामं त्या यादीत असायची, तिथे अकरा. काका मागे उभे होते, दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, आणि चेहऱ्यावर असं समाधान की काय सांगू. म्हणाले, सगळं सोडवून ठेवलं.

सोडवणं म्हणजे काय हेही मला त्या दिवशी कळलं. छापखान्यात एखादं काम छापून गिऱ्हाइकाच्या हातात पडलं की जुळवलेला मजकूर तसाच ठेवत नाहीत. पान मोडायचं, खिळे सुटे करायचे आणि एकेक खिळा आपल्या खणात परत टाकायचा, कारण उद्याच्या कामाला खिळे लागणार. जो कंपोझिटर झालेलं काम सोडवत नाही तो आळशी. आमच्या यादीतली झालेली कामं बघून काकांना पाच महिने वाटत होतं की ही पोरं आळशी आहेत. म्हणून त्यांनी मंगळवारचा अख्खा दिवस उभं राहून, एकेक काम तपासून, जे जे गिऱ्हाइकाला पोचलं होतं ते ते पुसून टाकलं होतं. डिलीट केलेलं ज्या टोपलीत पडतं ती टोपली तरी? मी विचारलं.

‘‘तीही रिकामी केली,’’ ते म्हणाले. ‘‘कचरा भरून कुणी ठेवतं का?’’

मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. डीटीपीवाल्याची जुनी कामं म्हणजे त्याची वाडी असते. तीच शाळा दर जूनमध्ये येते, तीच सोसायटी दर सप्टेंबरमध्ये, तोच सण दर वर्षी. तारीख बदलायची आणि छापायचं. माझी वाडी या माणसाने एका मंगळवारात कापून टाकली होती. मी त्यांना म्हातारे म्हटलं, निरुपयोगी म्हटलं, आत्ताच्या आत्ता चालते व्हा म्हटलं. पॉलिन मध्ये पडायला उठली आणि परत बसली. काकांनी मागे सारलेली खुर्ची ओढली आणि ते बसले. हात मांडीवर, नजर जमिनीवर. दहा मिनिटं ते हलले नाहीत, आणि पाच महिने ज्याने एका जागी बसावं म्हणून मी जीव आटवला होता त्याला तसं बसलेलं बघून माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मला भीती वाटायला लागली.

मग ते उठले आणि भिंतीवरची तार काढून आणली. पहिल्याच दिवशी त्यांनी दुकानात एक सवय लावली होती. छापून आलेल्या प्रत्येक कामाची एक प्रत, मागे तारीख लिहून, खालचं टोक वाकवलेल्या जाड तारेत टोचून ठेवायची. आम्ही आधीच्या दीड वर्षाचे नमुनेही एका खोक्यात कोंबून ठेवले होते. तेही त्यांनी तारखा शोधून तारेत ओवले होते. मी त्याला त्यांचं आणखी एक खूळ समजत होतो. खाली सगळ्यात जुनं, वर सगळ्यात नवं.

‘‘सगळं परत जुळवून देतो,’’ काका म्हणाले. ‘‘मोडलंय मी, जुळवीनही मीच.’’

हिलरीला बोलावलं. त्याने दिवसभर खटपट करून पुसलेल्यांपैकी पंधरा-वीस कामं वर काढली, त्यातली निम्मी उघडेनात. म्हणजे तारेला पर्याय नव्हता. दर वर्षी परत येणारी अशी कामं पॉलिनने निवडली, ती एकशे ऐंशी निघाली. काका तारेच्या तळापासून सुरू झाले. पहिलं काम टाइप करून झाल्यावर, साठवायच्या आधी, त्यांनी पॉलिनला विचारलं की ती खिडकी यादी लावताना नेमकं काय बघते. नाव, पॉलिन म्हणाली. नावाच्या सुरुवातीला आकडा टाकला तर? आकडे अक्षरांच्या आधी येतात, लहान आकडा सगळ्यात वर. काका उभे राहिले, दारापर्यंत गेले, परत आले. आणि त्यांनी त्या कामाचं नाव ठेवलं: ९९९, आणि पुढे गिऱ्हाइकाचं नाव. दुसऱ्या कामाचं ९९८. तिसऱ्याचं ९९७.

मला कळायला जरा वेळ लागला. आकडे उलटे, वरून खाली. जुन्या कामाला मोठा आकडा, नव्याला लहान. खिडकी बिचारी आपल्या नियमाने लहान आकडा वर ठेवणार, म्हणजे नवं काम आपोआप वर. पाच महिने ज्या खिडकीशी भांडले ती त्यांनी बोटही न लावता सरळ केली होती. पॉलिन हसायला लागली. मीही हसलो असतो, पण अजून रागात असल्याचं दाखवायचं होतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्यासमोर हिशेब मांडला. एकशे ऐंशी परत जुळवली की आठशे एकोणीस आकडे उरतात. नवी कामं वर्षाला दोनशेच्या आसपास. म्हणजे चार वर्षं. चार वर्षांनी ते अठ्ठावन्नचे होणार, आणि छापखाना चालू असता तरी अठ्ठावन्नलाच निवृत्त झाले असते.

‘‘तेवढे आकडे संपेपर्यंत ठेवा,’’ ते म्हणाले. ‘‘शून्य आलं की मी आपणहून जाईन. तुम्हाला सांगावं लागणार नाही.’’

मी बरं म्हटलं. चार वर्षं कुणी बघितलीत, असा विचार करून म्हटलं.

मे उजाडेपर्यंत एकशे ऐंशी कामं परत उभी राहिली, आधीपेक्षा स्वच्छ, एकही चूक नसलेली. नवा ऑपरेटर मी आणला नाही. काका आता बसून टाइप करायला लागले होते आणि जलद झाले होते, कारण जे शोधायचं ते वरच असायचं. गिऱ्हाइकांनाही नंबर पाठ झाले. सोसायटीचे चेअरमन येऊन सांगायचे, आमचा सातशे बारा काढा. चर्चच्या सणाचं पत्रक दर वर्षी जुन्या नंबरवरून नव्या नंबरवर यायचं. दोन हजार दोनच्या डिसेंबरात काकांच्या मुलीचं, उन्नतीचं लग्न झालं, तिची पत्रिका २९४. एवढ्या एका पत्रिकेची त्यांनी नऊ प्रूफं काढली आणि नवव्या प्रुफानंतर पहिलंच बरं होतं म्हणून तेच छापायला दिलं.

त्यांचा अस्वस्थपणा गेला असं मात्र नाही. जित्याची खोड ती. कागदाचे रीम हलवायचे, पेनांचा डबा हलवायचा, दारात जाऊन यायचे. पण त्यात चिडचिड राहिली नव्हती. च्यक् बंद झालं होतं. मला वाटलं सगळं मार्गी लागलं, आणि मी आकड्यांकडे बघायचं विसरून गेलो.

ते परत सुरू झालं दोन हजार चारच्या सुरुवातीला. आकडा पन्नासच्या खाली आला होता. काका पुन्हा उभं राहून टाइप करायला लागले. जेवणाचा डबा अर्धा परत न्यायचे. पॉलिनने मला हळूच यादी दाखवली. ०२७ मध्ये एक साखरपुडा आणि एक लग्न, दोन्ही एकाच फाइलमध्ये. एकाच घरचं होतं, म्हणून मी काही बोललो नाही. ०१९ मध्ये मात्र एक बारसं होतं आणि एका हार्डवेअर दुकानाचं उद्घाटन. हे एकत्र कसं, मी विचारलं. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, दोघं एकाच गल्लीतले आहेत.

आकडे वाचवत होता तो माणूस. अनुस्वाराची चूक ज्याला सहन होत नव्हती तो बारसं आणि उद्घाटन एका खणात कोंबत होता. मी त्यांना बाजूला घेतलं आणि स्पष्ट सांगितलं की काका, तो आकडा विसरा, तुम्हाला कोण जा म्हणतंय? मला वाटलं त्यांना आनंद होईल. त्यांनी मान हलवली.

‘‘बोललो ते बोललो, शेठ. आकडा संपला की निघायचं. तो मोडला तर मग मी लावलेल्या कशालाच अर्थ नाही.’’

मी हात टेकले.

आकडा ००६ वर होता तेव्हा एका दुपारी लतिकाकाकू दुकानात आल्या. काका छापखान्यात गेले होते, हे बघूनच आल्या असाव्यात. चार वर्षांत त्या दुसऱ्यांदा येत होत्या. पहिल्यांदा उन्नतीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला, तेव्हाच डब्यांचा सगळा इतिहास सांगून आम्हाला हसवून गेल्या होत्या. आज त्या हसल्या नाहीत. पॉलिनने पुढे केलेल्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या की त्यांनी स्वयंपाकघर लावून ठेवलंय.

‘‘त्यांच्या मनासारखं,’’ काकू म्हणाल्या. ‘‘चहा, साखर, मीठ पुढे. सगळं. मला वाटलं, घरी येणार आहेत तर आल्या आल्या भांडण नको. काल त्यांनी फळीसमोर उभं राहून बघितलं. हात लावायला काही उरलंच नव्हतं. रात्रभर घरात फेऱ्या मारत होते, धनेशभाऊ. मी कुठे चुकले का?’’

मला एकदम चार वर्षांपूर्वीची खुर्ची आठवली, मांडीवरचे हात आठवले. चुकल्या नाहीत, असं मी काकूंना सांगितलं. त्या गेल्यावर पॉलिन माझ्याकडे बघत राहिली. 

सोमवारी संध्याकाळी काकांनी ००४ पूर्ण केलं आणि पिशवी खांद्याला लावली. पिशवी नेहमीपेक्षा भरलेली होती. त्यांचा चष्म्याचा जादा डबा, रूळ, प्रुफाची तांबडी पेन्सिल, जे टेबलावर असायचं ते त्यांनी थोडं थोडं न्यायला सुरुवात केली होती.

मंगळवारी मी दुकान उघडलं. आईला सांगितलं नाही, पॉलिनला सांगितलं नाही. काकांच्या मशीनपुढे बसलो. यादी वरून खाली बघितली: ००४ ते ९९९, नऊशे शहाण्णव कामं. उलटे आकडे हाच यांचा कायदा ना? मग कायद्यातच राहू. आकडा संपला की जायचं. पण संपला तर. पहिल्या नावावर गेलो, नाव बदलायचं बटण दाबलं आणि आकड्याच्या आधी एक नऊ टाकला. ००४ चं झालं ९००४. मग ००५ चं ९००५. मग पुढचं. हिलरीला बोलावलं असतं तर त्याने काहीतरी युक्ती काढून चुटकीसरशी केलं असतं, पण मला ते हाताने करायचं होतं. रोप लावून थांबायला ज्याला जमलं नाही तो मी, सकाळी दहाला बसलो तो उठलोच नाही. एकदा वीज गेली, चारदा चुकलो, परत केलं. मध्येच २९४ आला, उन्नतीची पत्रिका. ती उघडून वाचली. शाळा, सण, सोसायट्या, किती माणसं येऊन गेली होती. चार वाजून गेल्यावर ९९९ च्या आधी शेवटचा नऊ टाकला, तेव्हा बोटं आखडली होती आणि पाठ धरली होती.

बुधवारी काका नेहमीच्या वेळी आले. पिशवी टांगली. उभ्या उभ्याच मशीन सुरू केलं. एका तेराव्याचं कार्ड करायचं होतं, त्यासाठी जुना नमुना काढायला त्यांनी ‘ओपन’ म्हटलं. मी हातातलं बिलबुक उलटंच धरून वाचत होतो.

काकांनी यादी खाली नेली, अगदी तळापर्यंत, आणि परत वर आणली. खिडकी बंद केली, पुन्हा उघडली. ९००४ वरच होता.

‘‘हे कुणी लावलं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘असंच असतं,’’ मी म्हटलं.

‘‘असंच काही नसतं.’’ काका माझ्याकडे वळले. मी बिलबुक खाली ठेवलं. पॉलिनचे हात की-बोर्डवर थांबले होते.

‘‘मी लावलं,’’ मी म्हटलं. ‘‘तुमचाच नियम आहे. आकडा संपेपर्यंत.’’

काकांचे ओठ हलत होते. ते मनात भागाकार करत होते, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं. नऊ हजार आणि वर तीन. वर्षाला दोनशे.

‘‘पंचेचाळीस वर्षं,’’ पॉलिनने सांगून टाकलं.

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. मग पिशवीतून तांबडी पेन्सिल काढून टेबलावर ठेवली, रूळ ठेवला, चष्म्याचा डबा ठेवला. खुर्ची ओढली आणि बसले.

‘‘काकूंना सांगा,’’ मी म्हटलं, ‘‘डबे परत स्वतःच्या मनासारखे लावा म्हणावं.’’

त्यांनी मान हलवली.  नवं कार्ड टाइप करायला घेतलं, आणि साठवताना एकेक कळ सावकाश दाबत नाव दिलं: ९००३.